लहानीचं पाकिटातलं सूप

लहानी चुलीपुढे बसली की तिला हाक मारून लगेच उपयोग नसे. हाक तिला ऐकू जायची, पण उत्तर यायला वेळ लागायचा. मधल्या वेळात ती कुठे असायची, ते घरात कोणी विचारलं नाही. सून हर्षाली नवी होती तेव्हा तिला वाटायचं, सासूला कमी ऐकू येतं. मग तिच्या लक्षात आलं, की भाताच्या आधणाचा आवाज जरा बदलला तरी सासू पलीकडच्या खोलीतून उठून येते.

धसईच्या बाजारापासून पाऊण तास चाललं की त्यांचं गाव. घरामागे शेत, शेतामागे डोंगर. हिवाळ्यात सकाळी डोंगर नसतोच. नऊच्या सुमाराला तो थोडा थोडा परत येतो, आधी सुळका, मग खांदा, शेवटी पायथ्याची झाडं. लहानी पंधराव्या वर्षी या घरात आली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. पहिल्या सकाळी ती अंगणात उभी राहिली आणि काल पाहिलेला डोंगर कुठे गेला म्हणून गोंधळली. नवरा राघो हसला होता. पुढे राघोच गेला, मुलगा शेखर नऊ वर्षांचा असताना. लहानीने दुसऱ्यांच्या शेतात भाताची आवणं लावली, स्वतःचा दीड एकर राखला, शेखरला बारावीपर्यंत शिकवलं. तो मुरबाडच्या एका कारखान्यात पाळ्यांवर लागला. त्याला शहापूरकडची हर्षाली करून आणली. भूमिका ही नात झाली. सांगण्यासारखं आयुष्य इतकंच, असं लहानी म्हणायची.

सैपाकाच्या बाबतीत तिचा एक नियम होता. चुलीवरचं चाखायचं नाही. तिच्या आईचा नियम होता तो. देवाला दाखवायच्या आधी जीभ लावली की अन्न उष्टं झालं. देव रोज कुठे जेवायला येतो, पण हात ठरून गेला होता. लहानी वासावर सैपाक करायची. झाकण किलकिलं करून वाफ नाकाशी घ्यायची आणि म्हणायची, मीठ कमी हाय.

शेजारची भिमी तिला चिडवायची. “मिठाला कसला गो वास?”

“तुला नाय येत ना? मंग तुझं कालवण तसं का, ते आज कळलं.”

दोन हजार चारच्या दिवाळीत हर्षालीचा धाकटा भाऊ दीपेश भाऊबीजेला आला. सव्वीस वर्षांचा मुलगा, पण पायरी चढताना भिंतीला हात लावत होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा कल्याणला जाऊन त्याचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागे. लहानीने रिवाजाप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे केला. दीपेशने तांब्या घेतला नाही.

“अर्धाच पेला द्या आत्या. दिवसाचं मोजून हाय मला.”

लहानीने अर्धा पेला दिला. त्याने तो एका दमात प्यायला नाही. एक घोट घेतला, तोंडात धरला, डोळे मिटले, मग गिळला. असे चार घोट. पाचवा पेल्यात ठेवून तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. लहानीने दुष्काळ पाहिला होता. पण पाण्याने भरलेला हंडा शेजारी असताना पाण्याकडे असं बघणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं.

तोवर ती विरोधात होती. हर्षालीचं रक्त भावाशी जुळलं होतं, आई नव्हती, बापाला साखरेचा आजार, म्हणजे द्यायचं तर मूत्रपिंड हर्षालीनेच द्यायचं. शेखर हो म्हणाला होता. लहानी म्हणाली होती, “चांगल्या बाईमानसाला उघडायची? चार वर्षांची पोर हाय पदरात. उद्या हिला काय झालं तर?” दीपेश गेल्यावर तिने पेल्यातला उरलेला घोट तुळशीला घातला आणि त्या विषयावर बोलणं बंद केलं. घरच्यांनी ते हो म्हणून धरलं.

पण डॉक्टरांनी अडवलं ते हर्षालीच्या वजनावर. चौऱ्याहत्तर किलो. सदुसष्टच्या खाली आल्याशिवाय तिच्यावर शस्त्रक्रिया करणार नाही, म्हणाले. तीन महिने दिले. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा तपासणी. त्यापुढे गेलं तर दीपेशच्या अंगात एवढं सोसायची ताकद उरेल याची खात्री नाही, हेही त्यांनी शेखरला बाजूला घेऊन सांगितलं. शेखरने ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

इस्पितळात आहार सांगणारी एक चष्मेवाली बाई होती. तिने हर्षालीला दुपारी एक भाकरी आणि भाजी एवढंच जेवण लिहून दिलं, आणि सकाळ-संध्याकाळ सूप. सूपची पाकिटं होती. टोमॅटोचं, पालकाचं, मिश्र भाज्यांचं. एक पाकीट, एक मग गरम पाणी, ढवळायचं, झालं. पिशवीभर पाकिटं घेऊन नवरा-बायको घरी आले. भूमिकेने ती चुलीजवळच्या फळीवर रंगांप्रमाणे लावून ठेवली.

घरात वजनाचा काटा नव्हता. धसईला सावळाराम शेठचं भाताचं दुकान होतं, तिथे पोती मोजायचा मोठा काटा होता. बाजाराच्या दिवशी हर्षाली त्यावर उभी राहायला लागली. सावळाराम पोत्यांच्या सवयीने मोठ्याने आकडा सांगायचा.

“त्र्याहत्तर! वहिनी, तांदूळ कोलम की जया?”

बाजारकरी हसायचे. हर्षालीही हसायची, पण उतरताना साडीचा पदर घट्ट ओढून घ्यायची. तीन आठवड्यांत एक किलो उतरला होता. असं चाललं तर फेब्रुवारीपर्यंत पुरणार नव्हतं.

कारण साधं होतं. सूप तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. उकळत्या पाण्यात भुकटी टाकली की तिच्या गुठळ्या व्हायच्या, वर लालसर तवंग, खाली गाळ. वास पावसात भिजून वाळलेल्या वहीसारखा. दोन घोट घेऊन ती उरलेलं सूप मोरीजवळच्या केळीच्या आळ्यात ओतायची. मग चार वाजता पोटात खड्डा पडला की भाकरीच्या टोपलीशी जायची, अर्धी मोडायची, उभ्याउभ्या खायची आणि रडायची. लहानीने दोन्ही पाहिलं. केळीच्या आळ्यात मुंग्यासुद्धा फिरकत नव्हत्या, तेही पाहिलं.

एका संध्याकाळी हर्षाली पाणी तापवायला आली तेव्हा लहानी म्हणाली, “सर तू. मी करतंय.”

तिने पाकीट फोडलं आणि भुकटी नाकाशी धरली. बराच वेळ. हर्षाली वाट बघत राहिली. मग लहानीने तवा मंद आचेवर ठेवला आणि ती भुकटी नाचणीचं पीठ भाजावं तशी कोरडीच परतली, जेमतेम वास सुटेपर्यंत. वाटीत काढून गार होऊ दिली. आंबिलीला कालवतात तसं थोडं कोमट घालून बोटांनी कालवलं, एकही गुठळी राहिली नाही. तेल-तूप बंद होतं म्हणून फोडणी देता येत नव्हती. तिने फुटक्या मडक्याची एक खापरी निखाऱ्यात लाल केली, चिमट्याने काढून वाडग्यात ठेवली, तिच्यावर ठेचलेला लसूण टाकला, वरून पातळ केलेलं सूप ओतलं आणि झाकण घातलं. आत चर्र झालं आणि मग शांत झालं. पाच मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा चुलीचा, मातीचा, लसणाचा असा तिन्ही मिळून एक वास घरात फिरला. शेखर बाहेरून आत आला.

हर्षालीने वाडगा तोंडाला लावला. तिने खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

“आत्या, ह्यात काय टाकलंत?”

“पाकीट. दुसरं काय?”

खोटं ती बोलत नव्हती. लहानी उत्तर देताना त्या वाडग्यात पाहत होती आणि तिला त्यात खरंच पाकिटाशिवाय काही दिसत नव्हतं. लसूण, खापरी, हे काही टाकणं नव्हे. आणि कालवायला, पातळ करायला जे घेतलं होतं ते तर मोजण्यातलंच नव्हतं. शिजत्या भाताच्या पातेल्यातून तिने वरची निवळ पेज काढून घेतली होती.

पेज म्हणजे काय, हे लहानीला कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पेज म्हणजे पाणी. पांढरं पाणी. ताप आलेल्याला देतात, बाळंतिणीला देतात, व्यालेल्या म्हशीला देतात, दात न आलेल्या पोराला देतात. घरात काही नसतं तेव्हा पेज असते. बहात्तरच्या दुष्काळात लहानीने पाच महिने पेजेवर काढले होते, आणि त्या पाच महिन्यांची तिची आठवण म्हणजे स्वतःची कोपरं. कोपर, गुडघे, खांद्याची हाडं, झोपताना चटईला टोचणारी. पेज पिऊन जाड झालेलं माणूस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं तर पेज प्यालेली बाई ‘नाय’ म्हणते. सगळं गाव तसंच म्हणतं. तेव्हा जिला हलकं व्हायचंय तिला पेजेहून हलकं काय द्यायचं?

पुढचे तीन आठवडे लहानीच्या आयुष्यातले फार सुखाचे होते. संध्याकाळ झाली की ती परसात जायची. शेवग्याची कोवळी पानं, ओव्याची दोन, पातीचहाची एक काडी, आंबटासाठी आमसूल. आज पालकाच्या पाकिटाला काय मानवेल याचा विचार करत उभी राहिली की शेतातल्या वालाच्या वेलांवर धुकं उतरायचं आणि तिचे पाय दिसेनासे व्हायचे. तिला वाटायचं, आपण या भुकटीला आठवण करून देतोय, तू आधी भाजी होतीस, तुला पान होतं, देठ होता, तुझ्यावर दव पडायचं. वाफेकडे बघताना तिला दीपेश दिसायचा, तांब्याभर पाणी घटाघटा पिणारा, हनुवटीवरून गळ्यावर ओघळ. हर्षाली आता दोन्ही वेळा वाडगा संपवत होती. भाकरीच्या टोपलीकडे जात नव्हती. रडत नव्हती. तिच्या गालावर तेज आलं होतं.

बाजाराच्या दिवशी हर्षाली काट्यावर उभी राहिली. सावळाराम आकडा सांगायचा थांबला. वाकून पुन्हा बघितलं.

“काय झालं?” हर्षालीने विचारलं.

“चौऱ्याहत्तर आणि वर दोनशे ग्राम.”

“असं कसं? दादा, काटा बघा तुमचा.”

“वहिनी, आत्ताच वीस पोती मोजली. काटा बरोबर हाय. तुमी खाली उतरा, परत चढा.”

ती परत चढली. काटा तिथेच थांबला. सहा आठवडे संपले होते आणि ती जिथून निघाली तिथूनही थोडी मागे होती. या वेळी कोणी हसलं नाही. सावळारामने गुपचूप शेंगदाण्याची पुडी भूमिकेच्या हातात दिली आणि म्हणाला, “तूच खा. आयेला देऊ नको.”

दोन दिवसांनी तिघं इस्पितळात गेली. लहानीने स्वतःहून बरोबर यायचं म्हटलं. चष्मेवाल्या बाईने वजनाची वही पाहिली आणि हर्षालीला एकेक विचारायला लागली. भाकरी किती? एक. भात? बंद. गोड? बंद. बाहेरचं? काही नाही. मधेच काही? हर्षाली थांबली, मग म्हणाली, आधी खायची, आता नाय खात, सूपनेच पोट भरतं.

“सूपने पोट भरतं?” बाईने पेन खाली ठेवलं. “या सूपने कोणाचं पोट भरलेलं मी ऐकलं नाही. करता कसं?”

“आत्या करतात.”

बाईने लहानीकडे पाहिलं. लहानी या प्रश्नासाठीच आली होती. तिने सगळं सांगितलं, भाजणं, गार करणं, कालवणं, खापरी, झाकण. बाई ऐकत राहिली, तिलाही तोंडाला पाणी सुटलं असावं.

“आणि पाणी किती घालता?”

“पानी नाय हो. पानी कशाला? पेज.”

“पेज?”

“हां. निवळ. भात नाय येऊ देत एक शीत.”

“कशाची पेज?”

लहानीला प्रश्न कळेना. “पेजेची कशाची असनार? तांदळाची.”

“किती घालता, आजी?”

“हे एवढं,” लहानीने दोन्ही हातांनी वाडग्याचा आकार दाखवला. “दोनी टायमाला.”

खोलीत पंखा फिरत होता. बाईने चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, की पेज म्हणजे पातळ केलेला भातच आहे, तांदळाचं सत्त्व त्यातच उतरतं, इतकी पेज दोन वेळा म्हणजे रोजचा जवळजवळ पूर्ण जेवणाइतका भात. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानी स्वतःच्या हातांकडे बघत होती. ते अजून वाडग्याच्या आकारातच हवेत होते.

तिघं कल्याणहून एसटीने मुरबाडपर्यंत आली. मुरबाडला धसईच्या गाडीची वाट बघत ती फलाटावर उभी राहिली. शेखर भूमिकेसाठी बिस्किटं आणायला गेला. तेव्हा हर्षाली समोर बघत म्हणाली,

“तुमाला नकोच व्हतं ना, आत्या?”

लहानीने तिच्याकडे पाहिलं.

“आधीच सरळ सांगायचं. नको देऊ म्हनायचं. मी भांडले असते, रडले असते. पन हे असं, गोड करून पाजायचं...” तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. “माझे तीन आठवडे गेले. माझ्या भावाचे गेले.”

लहानीला म्हणायचं होतं, मला माहीत नव्हतं गो. ते खरं होतं. पण ते तोंडातून निघेना, कारण ती आत बघत होती आणि आत तिला पुरतं दिसत नव्हतं. हाताला माहीत नव्हतं हे खरं. पण हातामागे जी बाई होती, जी अंगणात उभी राहून म्हणाली होती ‘चांगल्या बाईमानसाला उघडायची?’, तिला माहीत नव्हतं का? हर्षालीच्या गालावर तेज आलेलं पाहून कोण खूश झालं होतं? तेव्हा लहानीला एवढंच वाटलं होतं, की पोर बरी दिसतेय. पोर बरी दिसावी असं वाटणं हा गुन्हा आहे का, हे ती गाडी येईपर्यंत ठरवू शकली नाही. गाडीत बसल्यावरही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाकीट स्वतः प्यायला सुरुवात केली. हर्षालीचं लिहून दिलेलं जेवण, तेवढंच, तसंच. सकाळी साध्या पाण्यात सूप, दुपारी भाकरी, संध्याकाळी सूप. तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही. भिमीने ओळखलं.

“काय गो, सुनेचा राग पोटावर काढलास?”

“बघतंय, कसं लागतं ते.”

“चाखत नाय ना तू?”

“आता चाखतंय.”

तीन दिवसांत तिला काही गोष्टी कळल्या, ज्या वासाने कळत नाहीत. या सूपची भूक दोनदा येते, चार वाजता आणि दिवेलागणीला, आणि चारची भूक खोटी असते. ती तोंडाची असते, पोटाची नसते. दातांना काम नसलं की माणूस चिडतो. कढत सूप घाईने प्यालं की जीभ भाजते आणि चव कळायच्या आत संपतं. कोमट हळू प्यालं तर तेच सूप दुप्पट होतं. पाकिटात मीठ आधीच जास्त आहे, त्यामुळे ते फक्त खारट लागतं. आंबट आणि तिखट दिलं की खारटपणा मागे सरतो आणि भाजी पुढे येते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सूप एकट्याने कोपऱ्यात बसून पिण्याची वस्तू नाही. ताटावर बसलेल्या माणसांतून उठवल्यासारखं वाटतं.

चौथ्या दिवशी तिने नव्याने केलं. भुकटी भाजली, पण कालवली पाण्यात, विहिरीच्या पाण्यात, तेही पेल्याने मोजून. कांदा राखेत भाजला, साल काढून ठेचला. हिरवी मिरची निखाऱ्यावर काळी केली, मोडून सूपमध्ये फक्त बुडवून काढली. आमसुलाचं पाणी. शेवग्याचा पाला मूठभर, तो अर्धा कच्चा ठेवला, म्हणजे चावायला काहीतरी लागेल. शेवटी खापरी. पितळेच्या ताटात मधोमध वाडगा, एका बाजूला काकडीच्या फोडी, एका बाजूला मुळा, लिंबाची फोड. ताट सगळ्यांच्या ओळीत मांडलं.

हर्षाली दारात उभी होती. इस्पितळातून आल्यापासून रोज सूप होताना ती दारात उभी राहायची, हाताची घडी घालून, आणि काय काय पडतंय ते बघायची. लहानी प्रत्येक वस्तू टाकायच्या आधी जरा वर धरायची, दिसावी म्हणून. भाताचं पातेलं तिने चुलीवरून उतरवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी हर्षालीने चार घोट घेतले आणि थांबली. पेजेचा मऊपणा त्यात नव्हता. ही चव वेगळी होती, उभी, कडेला धार असलेली. मग तिने हळूहळू संपवलं. चांगलं झालंय असं म्हणाली नाही.

आठवडाभराने काटा त्र्याहत्तरच्या खाली आला. पुढच्या बाजाराला आणखी. सावळाराम पुन्हा ओरडायला लागला, पण आता पोत्यांसारखा नाही, लिलावासारखा. “बहात्तर एक वार! एकाहत्तर दोन वार!” म्हसाच्या जत्रेचे दिवस आले, रस्त्याने तिथल्या बाजाराला बैल जायला लागले, गावातल्या घराघरांत पाहुणे आले. हर्षालीने जत्रेत फक्त लेकीला पाळण्यात बसवलं आणि भज्यांच्या कढईसमोरून नाक धरून निघून आली.

त्या दिवसांत लहानीला एक विचार लागला होता. वजन जातं कुठे? भात विकला तर दुसऱ्याच्या घरी जातो. पाणी आटलं तर ढगात जातं. पण बाईच्या अंगावरचा एक किलो, तो कुठे जात असेल? सकाळी धुक्यात उभी राहिली की तिला वाटायचं, ते यातच असावं. सगळ्या गावाचं उतरलेलं वजन, दुष्काळात तिच्या कोपरांवरून उतरलेलं, राघोच्या शेवटच्या आजारात त्याच्या छातीवरून उतरलेलं, हर्षालीचं रोज थोडं थोडं. पांढरं, ओलसर, डोंगर झाकण्याइतकं. नऊ वाजता ऊन आलं की ते कोणालातरी देऊन टाकलं जातं. त्यात आता एक भाग असा होता जो तिने स्वतः मोजून दिला होता, पेल्या-पेल्याने. तो दीपेशकडे जातोय हे माहीत होतं, म्हणून तिला त्या धुक्यात थंडी वाजत नव्हती.

जत्रेनंतरची एक संध्याकाळ. लहानीने मिरची निखाऱ्यावर धरली, मग वर उचलली, दिसावी म्हणून. दारात कोणी नव्हतं. बाहेर अंगणात हर्षाली भूमिकेची वेणी घालत होती आणि भूमिका ओरडत होती. लहानी हात तसाच धरून थोडा वेळ बसली. मिरची गार झाली, ती पुन्हा भाजावी लागली.

ताटावर बसल्यावर हर्षालीने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, “आज मिरची जास्त झाली आत्या.”

“दोनदा भाजली.”

“छान लागते. उद्या पन दोनदाच भाजा.”

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती इस्पितळात गेली. तिथला काटा छोटा होता, पांढरा, त्यावर उभं राहिलं की आकडे स्वतःच उजळायचे. कोणी ओरडत नसे. सहासष्ट पूर्णांक आठ. चष्मेवाली बाई उठून उभी राहिली आणि तिने हर्षालीचा हात दाबला. डॉक्टरांनी कागद पाहिले, रक्त पाहिलं, तारीख दिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. पलीकडच्या खोलीत मशीनला जोडलेल्या दीपेशला शेखरने बाहेरूनच काचेवर बोटांनी आकडा लिहून दाखवला. तो हसला, आणि हसताना त्याला धाप लागली.

लहानी बाकावर बसली होती. सगळे तिच्याकडे बघून काहीतरी बोलत होते, बहुधा चांगलंच. तिला ऐकू येत होतं, पण दुरून. तारीख हा शब्द तिच्या आत कुठेतरी आपटला होता. इतके दिवस आकडा होता, सदुसष्ट. आता आकडा संपला होता आणि त्याच्या मागे जे उभं होतं ते दिसायला लागलं होतं. टेबल. दिवे. कुशीत हातभर चीर. दोन-अडीच महिने तिने चुलीवर जे शिजवलं होतं ते हे होतं.

नियमाप्रमाणे घरच्यांशी एकेकाला वेगळं बसवून बोलायचं होतं. इस्पितळाच्या समाजसेविका बाईने लहानीला आत बोलावलं, दार लावून घेतलं, पाणी दिलं.

“आजी, तुमच्या सुनेवर कोणाचा दबाव आहे का? माहेरचा, घरचा?”

“नाय.”

“ती स्वतःच्या मनाने देतेय?”

“तिच्याच मनानं. तिच्या मनापुढं कोनाचं चालतंय?”

बाई हसली. “आणि तुमचं काय? तुमची काही हरकत आहे का? मोकळेपणाने सांगा. इथलं बाहेर जाणार नाही.”

लहानीने खिडकीकडे पाहिलं. बाईने घड्याळाकडे पाहिलं नाही, हे तिचं चांगलं. खिडकीबाहेर इस्पितळाच्या आवारात कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. वारा नव्हता, त्या हलत नव्हत्या.

“हरकत हाय,” लहानी म्हणाली.

बाईचं पेन थांबलं.

“आदी पन व्हती, आज पन हाय. पोर माझ्या घरातली हाय. तिला चिरायची म्हनल्यावर हरकत नसेल का? नाय म्हनाली तर ते खोटं व्हईल.” तिने पेला टेबलावर ठेवला. “पन तिचं वजन मीच उतरवलंय बाई. दोनी टायमाला, माझ्या हातानं. आदी चुकली, मंग बरोबर केलं. ज्या दिवशी बरोबर केलं त्याच दिवशी मी हो बोलली. आता हरकत हाय, आनि हो पन हाय. तुमच्या कागदावर दोन्हीला जागा हाय का, ते बघा.”

बाईने कागदाकडे पाहिलं. तिथे दोन चौकोन होते, एकातच खूण करायची होती. तिने पेन उचललं, ‘हरकत नाही’च्या चौकोनापाशी नेलं आणि तिथून बाजूला घेऊन समासात लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने ते वाचून दाखवलं, लहानीच्या शब्दांत, जसंच्या तसं. मग कागद फिरवून पुढे केला.

लहानीने सही केली. शेखर तिसरीत असताना त्याच्या पाटीवर ती शिकली होती. ल लिहिला, हा लिहिला, थांबली. बाई वाट बघत होती. बाहेर हर्षालीचा आवाज आला, कोणाला तरी विचारत होती, आत्यांना पाणी दिलं का. लहानीने नी लिहिला, वेलांटी जरा लांब ओढली, आणि कागद परत दिला.